तीस पौंड हवा

समा, बडोदे
१२ फेब्रुवारी १९९७

चि. प्रतापसिंह,

मामाचा आशीर्वाद घे आणि सोबत एक तक्रारही घे. तक्रार तुझ्या मोटरसायकलची आहे.

मस्कतला परत जाताना ती जपानी म्हैस तू माझ्या दारात बांधून गेलास, त्याला आता दीड वर्ष होईल. आजवर मी तिला पुसत होतो, झाकत होतो, रविवारी सोसायटीभोवती एक चक्कर मारून आणत होतो. आता मात्र तिच्याशी खरंच काम पडलं आहे. तुझ्या मामीच्या मणक्याचं ऑपरेशन दसऱ्यानंतर झालं, ते तुला ठाऊक आहेच. डॉक्टर म्हणतात, आता घरात बसू नका, बाहेर पडा, कामाला लागा, फक्त दणके नकोत. दणका न देणारी रिक्षा बडोद्यात अजून जन्मायची आहे. सयाजीगंजला इंदिराबाईंच्या शिवणक्लासात मामी वीस वर्षं कटिंग शिकवते आहे. इंदिराबाई भली बाई आहे, पण तिनेही स्पष्ट सांगितलं, "वेकेशन बॅचपर्यंत तुमची जागा ठेवते, कौशल्याताई. पुढे मला दुसरी बाई बघावी लागेल." वेकेशन बॅच मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुरू होते. मामीने कात्रीला धार लावून आणली आहे.

तुझ्या गाडीची मागची सीट म्हणजे सोफा, वर पाठ टेकायला उशी. मागच्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये हवा भरता येते. जाताना तू मला म्हणाला होतास, "मामा, यात हवा बरोबर असली ना, की खड्डा गाडीला कळतो, माणसाला नाही." म्हणून डॉक्टरांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, हळू चालवणार असाल तर माझी हरकत नाही.

पण हवा टिकत नाही. तू दिलेल्या त्या बारक्या हातपंपाने, काट्यावर बघून, रात्री बरोबर तीस पौंड भरतो. सकाळी पंप जोडून बघतो तर चोवीस. संध्याकाळी एकोणीस. दुसऱ्या सकाळी पंधरा. मकरपुऱ्याच्या कारखान्यात जन्म इन्स्पेक्शनमध्ये गेला, तीनदा मोजल्याशिवाय मी कुठलीही गोष्ट खरी मानत नाही. इथे तर रोज मोजतो आणि रोज कमी भरते. पेट्रोल पंपावरच्या मोठ्या पाइपने एकदाच दाबून भरून टाकू का?

फोन करू नकोस. बूथवर मागची माणसं घड्याळाकडे बघत उभी राहतात, अशाने वाल्वची गोष्ट होत नाही. पत्र लिही.

तुझा मामा,
सुभानराव


मस्कत
२६ फेब्रुवारी १९९७

ती. मामा,

तुम्हाला आणि मामीला नमस्कार. आधी एक गोष्ट हात जोडून सांगतो: पेट्रोल पंपावर जाऊ नका. टायरमध्ये भरपूर हवा मावते, शॉकॲब्सॉर्बरमध्ये जेमतेम वाटीभर. मोठ्या पाइपचा एक फवारा गेला तरी आतलं रबरी सील फाटेल. म्हणून तर तो बारका पंप.

मामी गाडीवर बसणार हे वाचून मी इथे एकटाच हसलो. तिने त्या गाडीला हात न लावता दोन प्रदक्षिणा घातल्या होत्या आणि "ही चालते की हिला चालवावी लागते?" असं विचारलं होतं. आता तिला क्लासला न्यायचं, तर गाडीने नीट वागलंच पाहिजे.

हवा कुठून जाते ते क्रमाने शोधू. डाव्या बाजूच्या पत्र्यामागे हवा भरायचं तोंड आहे, तिथे साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर आतली वाल्वची पिन बदला. सायकलवाल्याकडे मिळते तीच बसते. तिथून दोन्ही शॉकॲब्सॉर्बरना बारीक नळी गेली आहे, तिच्या सांध्यांनाही साबण लावा. मग शॉकॲब्सॉर्बरचा चकचकीत दांडा बघा. त्याला तेलाचा ओलावा दिसला तर सील गेलं समजा. शेवटी पंपच बादलीत बुडवून बघा, कधी कधी चोर तोच असतो.

सील गेलं असेल तर मात्र अवघड आहे. माल जपानहून मागवावा लागेल आणि मे महिना काही गाठता येणार नाही. पण ते पुढचं पुढे.

मामीची पाठ कशी आहे? तुम्ही तीन पानांत गाडीचं सगळं लिहिलंत, तिच्याबद्दल दोन ओळी.

तुमचा,
प्रताप


समा, बडोदे
१७ मार्च १९९७

चि. प्रतापसिंह,

सगळं केलं. तोंडाला साबण लावला, एक बुडबुडा नाही. तरी पिन बदलली. नळीचे सांधे कोरडे, दांडा आरशासारखा स्वच्छ. पंप बादलीत बुडवला, तो निर्दोष सुटला. शेजारचे दत्तात्रेय भिडे हे सारं कठड्यावरून बघत होते. त्यांच्याकडे आलेला गॅसवाला म्हणतो, "काका, आ तो हाथी छे! एने सायकलना पंपथी हवा भरो छो?" मी त्याला सिलिंडर नीट ठेवायला सांगितलं.

मागच्या रविवारी ट्रायल घेतली. रात्री तीस पौंड भरून ठेवले होते. मामीला बसवलं आणि सयाजीगंजच्या रस्त्याला लागलो. गाडीने दगा दिला. फतेहगंजपर्यंत जाईतो मागून ती पार खाली बसली, एका खड्ड्यात तर धाडकन आपटली. तिथून माघारी फिरलो. मामीला त्रास झाला.

मधे दोन दिवस डभोईला लग्नाला जावं लागलं. गाडीत तीस भरून गेलो होतो. वाटलं, आल्यावर शून्य बघायला मिळणार. तर चोवीस! एका रात्रीत जाते तेवढीच. मी समोर असलो की गळते आणि माझ्या माघारी शिस्तीत राहते, म्हणजे ही हवा आहे की कारखान्यातली रात्रपाळी?

तू मामीचं विचारलंस. तिची चौकशी माझ्याकडून कधी चुकत नाही. डॉक्टरांनी एक पट्टी सांगितली आहे, शून्य म्हणजे दुखत नाही आणि दहा म्हणजे सोसवत नाही. मी सकाळी उठल्यावर विचारतो, जेवल्यावर विचारतो, ती भांड्यांकडे वळली की विचारतो. ती "तीन" म्हणते. त्या रविवारी घरी आल्यावरही तीनच म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी होतं. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. तीनला कुणी रडत नाही.

मला वाटतं सील गेलं आहे. तू जपानला लिहून टाक, लागायचा तो वेळ लागो. महिनाअखेरीस मी इंदिराबाईंना भेटून तिची जागा दुसऱ्या कुणाला द्यायला सांगणार आहे. उगाच आशेवर किती दिवस ठेवायचं? मामीला अजून बोललो नाही.

तुझा मामा,
सुभानराव


समा
१९ मार्च १९९७

चि. प्रताप,

हे पत्र मी शेजारच्या भिडेवहिनींकडे बसून लिहिते आहे. तुझ्या मामांना यातलं काही कळवू नकोस. त्यांचं पाकीट पोस्टात टाकायला मीच नेलं होतं. डिंक नीट लागला नव्हता, तेव्हा वाचलं. वाचायला नको होतं, पण वाचलं. मला न विचारता ते इंदिराबाईंकडे जाणार आहेत.

त्यांनी तुला रविवारचं सगळं लिहिलेलं नाही, ते मी सांगते. समा सोडलं नाही तोच त्यांनी गाडी थांबवली. "दुखतंय का?" मी म्हटलं, नाही. मग मला उतरवून त्यांनी पिशवीतून तो पंप काढला, गाडीला जोडला आणि काटा बघितला. पुन्हा निघालो. थोडं पुढे गेलो, पुन्हा थांबले. पुन्हा "दुखतंय का?", पुन्हा उतरा, पुन्हा काटा. मी म्हटलं, अहो, कमी झाली असेल तर भरा ना. तर म्हणतात, "अत्यारे नहीं. आत्ता भरली तर किती गळते ते कसं कळणार?" तिसऱ्यांदा फतेहगंजला थांबलो तेव्हा रिक्षावाले गोळा झाले होते. मी रस्त्यात उभी, हे गुडघ्यावर बसून काट्याकडे बघतायत. त्यानंतर गाडी आपटली ती खरंच आपटली. पण मला रडू आलं ते त्यामुळे नाही.

बाळ, माझी पाठ दुखते. रोज दुखते. डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं की थोडं दुखणं राहील, त्याला घेऊनच कामाला लागायचं. ते मला कबूल आहे. पण तुझ्या मामांना खरा आकडा सांगितला की ते मला झोपवतात, वर उशी देतात आणि उशाशी बसून पुन्हा विचारतात. म्हणून मी तीन ठरवून टाकला आहे. दिवसाकाठी ते इतक्यांदा विचारतात, की प्रत्येक वेळी आत बघावं लागतं, दुखतंय का, किती दुखतंय, मघापेक्षा जास्त का. सकाळी उठते तेव्हा अंगात हिंमत असते. संध्याकाळपर्यंत उत्तरं देऊन देऊन ती संपते.

ते डभोईला गेले ते दोन दिवस मी मशीनवर बसले. भिडेवहिनींच्या नातीचा घेरदार चणिया कापला आणि शिवून पुरा केला. संध्याकाळी दुखलं, तेव्हा पडले. सकाळी उठून पुन्हा बसले. किती दुखलं ते मला सांगता येणार नाही, कारण कुणी विचारलंच नाही. ऑपरेशननंतरचे तेवढे दोन दिवस मी सुखात होते. हे लिहिताना लाज वाटते, कारण त्यांच्याएवढं माझं कुणी केलेलं नाही. शर्टाला बटण लावता येत नाही त्या माणसाने महिनाभर माझी वेणी घातली.

गाडी नीट होत असेल तर लवकर कळव. होणार नसेल तरीही लवकर कळव, म्हणजे मी दुसरा मार्ग बघेन. पण मला क्लासला जायचं आहे. घरात बसून मी बरी होणार नाही.

तुझी,
कौशल्यामामी


मस्कत
३ एप्रिल १९९७

ती. मामा,

जपानला लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. सील ठीक आहे. पिन ठीक, नळी ठीक, पंपही ठीक. गाडीत काहीच बिघाड नाही.

तुम्हीच डभोईचं लिहिलंत, त्यावरून उलगडा झाला. एका रात्रीत सहा पौंड आणि दोन दिवसांतही सहाच पौंड? गळती असती तर दोन दिवसांत कितीतरी जास्त गेली असती. म्हणजे हवा वेळेप्रमाणे जात नाही. तुम्ही जितक्यांदा मोजता तितक्यांदा जाते.

तुम्ही पंप जोडला की त्याच्या रिकाम्या नळीत आणि काट्यात हवा शिरते, ती शॉकॲब्सॉर्बरमधूनच येते. आत मुळात वाटीभर, त्यातला घास नळीने खाल्ला. म्हणून जोडल्याबरोबर चोवीस दिसतात. जोडण्याआधी आत तीसच होते. मग पंप काढताना फुस्स आवाज होतो आणि नळीतली हवा उडून जाते. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. टायरमध्ये हे जाणवत नाही, कारण तिथे घासभर हवा गेली तर पत्ता लागत नाही. म्हणून कारखान्याची सवय इथे उलटली. तुमचं मोजमाप अचूक होतं, मामा, फक्त मोजल्यामुळेच आकडा बदलत होता.

तेव्हा आता असं करा. रात्री पंप जोडा, काटा काही दाखवो, तीसपर्यंत भरा आणि काढून घ्या. काढताना आवाज होईल, तो नळीचा. मग पंप ठेवून द्या आणि आठवडाभर हात लावू नका. हवा पुरेशी आहे का हे मामी बसली की कळेल. मागचा भाग दोन-तीन बोटं खाली आला की बस, बरोबर आहे. आणि कृपा करून रस्त्यात थांबून थांबून काटा लावू नका. त्या रविवारी गाडी आपटली ती त्यामुळेच.

इंदिराबाईंकडे गेला नसाल अशी आशा करतो. गेला असाल तर पुन्हा जा आणि शब्द मागे घ्या.

तुमचा,
प्रताप


समा, बडोदे
१६ एप्रिल १९९७

प्रतापसिंह,

तुझं पत्र पोचलं. हवेचं म्हणणं पटलं. तरी खात्री म्हणून एकदा भरून चार दिवस हात न लावता ठेवली. चोवीसच. एवढी साधी गोष्ट, आणि मी गाडीभोवती दोन महिने साबण लावत बसलो.

पण एक विचारतो. मी रस्त्यात थांबून काटा लावला, हे मी तुला कुठे लिहिलं? तुला लिहिलेल्या पत्राचा कच्चा मसुदा मी ठेवला आहे, त्यात ते नाही, पक्क्या पत्रातही नव्हतं. म्हणजे दुसरं पत्र गेलं. आणि ते कुणी लिहिलं, हे कळायला इन्स्पेक्शनमध्ये असावं लागत नाही.

पहिल्यांदा राग आला. या घरात माझ्या पाठीमागे मस्कतला पत्रं जातात! तिला हाक मारली. ती स्वयंपाकघरातून आली, हात पुसत उभी राहिली. प्रश्न माझ्या तोंडाशी आला होता, काय लिहिलंस म्हणून. तिने नेहमीसारखा चेहरा केला, मी विचारायच्या आधी ती जो करते तो. तो मी रोज बघतो आणि मला तो तिच्या पाठीचा वाटायचा. प्रताप, तो माझा होता. मी विचारणार म्हणून होता.

मी म्हटलं, चहा टाकतेस का. काय लिहिलं ते मी तिला विचारलेलं नाही, तुलाही विचारत नाही. तिच्यात जेवढं उरलं आहे तेवढं आत राहू दे.

इंदिराबाईंकडे मी जाऊन आलो होतो, महिनाअखेरीस. काल पुन्हा गेलो. त्यांनी दुसरी बाई बघून ठेवली होती, तिला अजून शब्द दिला नव्हता. म्हणाल्या, "सुभानराव, तुम्ही जागा सोडायला आलात तेव्हा कौशल्याताईंना विचारलं होतंत?" मी नाही म्हणालो. त्यांनी बॅचच्या पहिल्या सोमवारपर्यंत थांबायचं कबूल केलं. पहिल्या दिवशी मामी आली नाही, तर त्याच दिवशी दुसरी बाई घेणार.

सुभानराव


समा, बडोदे
६ मे १९९७

चि. प्रताप,

काल सोमवार होता. सगळं सांगतो.

रविवारी रात्री तीस भरले आणि पंप भिड्यांकडे देऊन आलो. त्यांना सांगितलं, मी मागितला तरी देऊ नका. ते म्हणाले, "अहो, दारू सोडताय की काय?" सकाळी मामी बसली तेव्हा मागची बाजू तीन बोटं खाली आली, बरोबर तुझ्या मापात. डावा आरसा मी मागच्या वेळी तिचा चेहरा दिसेल असा वळवून ठेवला होता. तो रस्त्याकडे केला.

समा ते सयाजीगंज हा रस्ता मी आयुष्यभर येतोजातो आहे, पण कालच्याएवढा लांब तो कधीच नव्हता. प्रत्येक खड्ड्याला तोंडात प्रश्न येत होता. गाडी मऊ चालली होती, दणका वर पोचतच नव्हता, पण ते माझं झालं, तिचं मला काय कळणार? फतेहगंज आलं तेव्हा पाय आपोआप ब्रेककडे गेला. नाही दाबला. मला भीती वाटत होती, ती अशी की मी विचारलं नाही आणि तिला काही झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू? एवढी भीती मला तिच्या ऑपरेशनच्या दिवशीही वाटली नव्हती. त्या दिवशी निदान कुणाला तरी विचारत होतो.

क्लासच्या दारात ती उतरली. मला वाटलं मागे वळून बघेल. नाही बघितलं, सरळ जिना चढून गेली. वरून मुलींचा एकच गिल्ला ऐकू आला. मी समोर चहाच्या गाडीवर बसून राहिलो. चहावाल्याने गाडीची किंमत विचारली, ॲव्हरेज विचारलं, मी त्याला काय उत्तरं दिली ते आठवत नाही.

एक वाजता ती खाली आली. गळ्यात टेप तशीच होती, काढायची विसरली होती. इंदिराबाई जिन्यात उभ्या राहून माझ्याकडे बघून हसल्या. मी काही विचारलं नाही. ती बसली, मी निघालो.

फतेहगंज मागे पडलं. मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी वाकून म्हणाली, "फार दुखतंय हो. तीन तासांनंतर उभं राहवत नव्हतं. रोजच दुखतं, मी तुम्हाला सांगत नव्हते. घरी गेले की पडेन मी. पण उद्या थोडं लवकर निघू या, मुली आधी येऊन बसतात."

मी "बराबर" म्हणालो. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त बरं वाटलं. इतके महिने मी एवढं विचारलं आणि एकदाही खरं हाती लागलं नाही.

काल तिने आपणहून सांगितलं, प्रताप. मी विचारलं नव्हतं.

तुझा मामा,
सुभानराव